पाहुणे गेल्यावर

फेब्रुवारी सरला की पक्षी बघणाऱ्या मंडळींच्या गप्पांना ओहोटी लागते. चक्रवाक उत्तरेकडे जातात, थापट्या जातात, एप्रिलात भोरड्यांचे शेवटचे थवे परततात आणि दुर्बिणी कपाटात पडतात. ‘आता काय बघायचं? पाहुणे गेले,’ हे दरवर्षी कानावर येतं आणि दरवर्षी मला लागतं. पाहुणे गेले, पण घरची माणसं घरीच आहेत ना! घरटी करायची, अंडी सांभाळायची, पिल्लं वाढवायची, हे सगळं ती याच चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात करत असतात. माझा खरा हंगाम तेव्हा कुठे सुरू होतो.

यंदा सोबतीला भाची होती. सोलापूरची, तेरा वर्षांची. आली तीच ‘मावशी, फ्लेमिंगो दाखव’ म्हणत. म्हटलं, रोहित बहुतेक गेले असतील, पण जे मागे राहिलेत त्यांना भेटायला चल. पाच दिवस काढले. पुण्याच्या पूर्वेच्या माळापासून निघायचं आणि पश्चिमेला ताम्हिणीच्या ओढ्यावर थांबायचं असं ठरलं. वाटेत भेटतील ते पक्षी, आणि जिथे पाणी असेल तिथे चतुर (ड्रॅगनफ्लाय) आणि त्यांच्या नात्यातल्या बारीक अंगाच्या टाचण्या (डॅमसेलफ्लाय). सामान फार नव्हतं: माझी जुनी चारशे मिलिमीटरची लांब पल्ल्याची लेन्स, अगदी जवळून फोटो काढायची एक मॅक्रो लेन्स, तिच्याकडे दुर्बीण आणि घरातला छोटा कॅमेरा, दोन टोप्या, पाच लिटर पाणी आणि तांदूळ भरलेली एक कापडी पिशवी. ही पिशवी गाडीच्या खिडकीत ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली की हात हलत नाही.

२२ मे, सासवडचा माळ

पहाटे पावणेपाचला हडपसर सोडलं. दिवे घाट अंधारातच चढलो. सासवडच्या पुढे जेजुरीचा रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागलो, गाडी बंद केली, काचा खाली घेतल्या आणि गप्प बसलो. माळावर गाडीतून उतरायचं नाही. गाडीला पक्षी फारसे बुजत नाहीत, माणूस दोन पायांवर उभा राहिला की बुजतात.

सव्वासहाला पहिला डोंबारी उडाला. चिमणीहून जरा लहान, चंडोलाच्या कुळातला. नराचं डोकं राखाडी, गाल पांढुरका, छाती-पोट काळंभोर. पंख फडफडवत तो तिरपा वर चढला, वर जाऊन पंख मिटले आणि दगडासारखा खाली आला. आता आपटतो असं वाटेपर्यंत पंख उघडून पुन्हा वर. अशा चार-पाच कोलांट्या, आणि प्रत्येकीबरोबर एक लांब शीळ. डोंबाऱ्याचा खेळ ज्यांनी पाहिलाय त्यांना या नावाचं कारण सांगायला नको. भाचीने पन्नासेक फोटो काढले, सगळ्यांत नुसतं आकाश. तिला म्हटलं, त्याच्या मागे कॅमेरा पळवू नकोस. तो फिरून त्याच ढेकळावर बसतोय, तू ढेकळावर नजर ठेव. सहाव्या खेपेला ढेकूळही आलं आणि पक्षीही.

मग तिनेच माळटिटवी शोधली. शेताच्या कडेला ओरडत फिरणाऱ्या टिटवीच्या डोळ्यापुढे लाल मांसल पाळी असते, हिची पिवळी. पायही पिवळे, डोक्यावर काळी टोपी, आवाज पुष्कळ मवाळ. गाडीपासून तीसेक फुटांवर ती खडीत बसली होती आणि मला दिसलीच नव्हती. अर्ध्या तासाने उठली तेव्हा दुर्बिणीतून चार अंडी दिसली. अंडी म्हणजे माळावरचे खडेच म्हणायचे. मातकट रंग, वर काळपट शिंतोडे, चारींची निमुळती टोकं आत वळलेली. घरटं असं काही नाही. टाचेने दाबावा तसा खळगा आणि कडेने थोडे खडे, दोन-चार लेंड्या.

आठच्या सुमाराला जमीन तापायला लागली. बसलेली टिटवी उठून चालत निघाली. थोड्या अंतरावर एका शेततळ्याचा पाझर होता, तिथे जाऊन पाण्यात बसली आणि अंग हलवून हलवून पोट भिजवून घेतलं. तेवढा वेळ जोडीदार अंड्यांवर उभा होता. बसला नाही, उभाच राहिला, स्वतःची सावली अंड्यांवर पडेल अशा बेताने. ओलं पोट घेऊन ती परत आली, त्याने जागा दिली आणि ती अंड्यांवर टेकली. नऊ वाजेपर्यंत तीन खेपा झाल्या. अंडी उबवायची म्हणजे ऊब द्यायची, असंच आपण शाळेत शिकतो. मे महिन्यात माळावर अंडी गार ठेवावी लागतात.

पोटाच्या पिसांवरून थेंब गळतोय असा एक फोटो मिळाला. तो एकच. साडेआठनंतर माळावरची हवा अशी लहरते की कितीही चांगली लेन्स असली तरी चित्र पाण्यात पडल्यासारखं येतं. उन्हाळ्यात माळावर फोटोग्राफीचे तास दोनच, सूर्य उगवल्यावरचे. पुढे फक्त बघायचं.

निघताना मेंढरं घेऊन एक तात्या आले. टिटवी कुठे बसलीय ते त्यांना आधीच ठाऊक होतं. कळप त्यांनी लांबून वळवला. म्हणाले, “यंदा उंचवट्याला घातल्यात अंडी. पाऊस हाय.” टिटवीने खोलगट जागी अंडी घातली तर पाऊस कमी, उंचावर घातली तर भरपूर, हा अंदाज माझ्या आजोळीही बांधत. तो किती वेळा खरा ठरतो हे मोजत बसावंसं मला कधी वाटलं नाही. त्या अंदाजापोटी माणसं अंडी कुठे आहेत ते बघून ठेवतात आणि पाय जपून टाकतात, हे मात्र मी कितीदा तरी पाहिलंय.

गाडीवाल्यांचं तसं नाही. त्या खळग्यापासून हातभर अंतरावर टायरचा ताजा माग होता. सरकारी कागदावर हा माळ ‘पडीक’ असतो, म्हणून कुणालाही वाटतं इथे गाडी कुठूनही घालावी, प्लॉट पाडावेत, झाडं लावून हिरवागार करावा. डोंबारी, माळटिटवी, धाविक, चंडोल या सगळ्यांना उघडी, खुरट्या गवताचीच जमीन लागते. झाडं लावली की ती जातात. मला हे गावोगाव ओरडून सांगावंसं वाटतं.

२३ मे, मोरगाव आणि सुपे

मोरगावच्या गणपतीला हात जोडून सुप्याला गेलो. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाचएक चौरस किलोमीटरचं. बाभळी, खुरटं गवत, मुरमाड जमीन. इथे लोक चिंकारा बघायला येतात. आम्हालाही पाच दिसले, पण मी पाणवठ्याकडे डोळे लावून बसले होते.

आठ वाजून दहा मिनिटांनी वरून ‘कुटरो, कुटरो’ असा आवाज आला आणि पखुर्ड्या उतरल्या. आधी सहा, मग अकरा. लांब टोकदार शेपटीच्या, कबुतराच्या अंगलटीच्या. त्या पाण्याशी थेट उतरत नाहीत. वीस-पंचवीस पावलांवर उतरून आधी दगड होऊन बसतात, घार-शिक्रा नाही याची खात्री करतात, मग तुरुतुरु चालत येऊन सात-आठ घोट घेतात आणि भर्रकन उडून जातात. सगळा कारभार दोन मिनिटांचा. एक नर मात्र मागे राहिला. पोटापर्यंत पाण्यात शिरला आणि बसून अंग डोलवायला लागला. भाचीने विचारलं, “याचीपण अंडी तापलीत का?” तिला सांगितलं, की हा पिल्लांसाठी पाणी भरतोय. याच्या पोटाची पिसं पाणी धरून ठेवतात. तो कैक किलोमीटर उडत जाईल, उभा राहील आणि पिल्लं त्याच्या पोटाखाली येऊन पिसं चोखून पाणी पितील. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आमच्याकडे चार दिवसांनी पाणी येतं तेव्हा पप्पा असंच करतात. हंडे भरतात.”

परतलो तेव्हा गाडीजवळ एक चतुर घिरट्या घालत होता. पिवळसर तांबूस, रुंद पंखांचा, ज्याला वॉन्डरिंग ग्लायडर किंवा ग्लोब स्किमर म्हणतात तो. मादी होती. बॉनेटवर शेपटीचं टोक टपटप आपटत होती. अंडी घालत होती! चतुराला पाणी ओळखू येतं ते पाण्यावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या खास धाटणीवरून, ध्रुवीकृत प्रकाशावरून. आमच्या गाडीचा गडद निळा, चकचकीत पत्राही तसाच प्रकाश फेकतो. सुप्याच्या रखरखाटात तिला तो डोह वाटला. तापलेल्या पत्र्यावर ती अंडी जगणार कशी? डिकीतली जुनी चादर काढून बॉनेटवर घातली तशी ती उठली आणि बाभळींवरून निघून गेली. तेव्हापासून उघड्यावर गाडी लावली की आम्ही चादर घालतो.

दुपारी सुप्यात पिठलं-भाकरी खाल्ली आणि भिगवणला मुक्कामाला गेलो.

२४ मे, कुंभारगाव

या दिवसासाठी बाकीचे दिवस आखले होते म्हटलं तरी चालेल.

भीमेवरचं उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. त्याचा फुगवटा मागे भिगवण, डिकसळ, कुंभारगावापर्यंत येतो. हिवाळ्यात या काठावर गाड्या लावायला जागा मिळत नाही. मे महिन्यात आमची एकच गाडी होती. ‘धरण मायनसमध्ये गेलंय,’ चहावाल्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं. उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला की इकडे असंच म्हणतात. पाणी काठापासून लांब हटलं होतं. उघड्या पडलेल्या गाळावर लोकांनी गाळपेर केली होती, कुठे मका, कुठे कडवळ, मध्येच कलिंगडाचे वाळलेले वेल. भाची ते बघत उभी राहिली. सोलापूरच्या नळाला हेच पाणी येतं.

नावाडी दादा मूळचे मासेमार. पहाटे साडेपाचला त्यांनी होडी लोटली. अर्धा तास गेल्यावर समोर वाळूचं एक बुटकं बेट आलं आणि त्यावरून पांढरे पक्षी उठायला लागले. नदी सुरय. पिवळीधमक चोच, डोक्यावर डोळ्यांपर्यंत आलेली काळी टोपी, तांबडे पाय, आणि भिंगरी पक्ष्यासारखी दुभंगलेली लांब शेपटी. जगभरात या पक्ष्याची संख्या घटते आहे, आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्तांमध्ये आहे. आणि इथे तीस-चाळीस जोड्या वाळूत अंडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या मधूनमधून छोटे आर्ली, वाळूच्याच रंगाचे. उडेपर्यंत दिसत नाहीत, आणि उडाले की पाकोळ्यांसारखे हवेतच किडे टिपतात.

एक नर चोचीत आडवा मासा धरून आला. मादीपुढे उतरला, मान उंचावून तिच्याभोवती चालला. तिने मासा घेतला नाही. तो पुन्हा फेरी मारून आला. तिसऱ्यांदा तिने मासा घेतला आणि गिळला. हे सगळं मी लेन्समधून बघत होते आणि बोट बटणावर असूनही दोन वेळा दाबायचं विसरले.

मी म्हटलं, “दादा, अजून थोडी पुढं घेता?” त्यांनी वल्हं पाण्यातच रोवलं. “ताई, हितनंच बघायचं. पक्षी उठला की अंडं उन्हात शिजतंय.” आवाजात राग नव्हता, पण पुढे जायचं नाही हे पक्कं होतं. त्यांना ते मला सांगावं लागलं याचं वाईट वाटलं. आदल्याच दिवशी पखुर्ड्यांबद्दल मी भाचीला शहाणपण शिकवलं होतं. आम्ही तिथूनच वीस मिनिटं बघितलं आणि मागे फिरलो. फोटोत पक्षी लहान आलेत. असू देत.

फिरताना दादांनी बेटाच्या मागची बाजू दाखवली. पाणी इतकं उतरलं होतं की बेट आणि काठ यांच्यामध्ये घोटाभर चिखल तेवढा उरला होता. “चार दिसांत ह्ये सुकलं की कुत्री येत्यात, म्हसरं येत्यात.” बेट हे बेट राहिलं तरच सुरयांची पिल्लं वाचतात. धरणातून कधी, किती पाणी सोडायचं हे ठरवताना वाळूवरच्या अंड्यांचा हिशेब कुणी धरत नाही. सोलापूरला पाणी हवं, उसाला हवं, हे मलाही कळतं. तरी एवढं तरी व्हावं, की एप्रिल-मे या दोन महिन्यांत अशा चार-दोन बेटांच्या तोंडाशी कुणीतरी राखणीला बसावं. दादा आणि त्यांचे जोडीदार आपल्या मनाने कुत्री हाकलतात. त्यांना त्याचे पैसे मिळत नाहीत.

साडेनऊला काठावर आलो. पक्ष्यांची वेळ संपली, चतुरांची सुरू झाली. पक्षी उन्हाला सावली धरतात, चतुर ऊन चढेल तसे बाहेर येतात, त्यामुळे उन्हाळ्यात दिवस वाया जात नाही. काठावरच्या पाणगवतात ग्रीन मार्श हॉक नावाचा चतुर होता, हिरवा-काळा, कमरेला बारीक. हा दुसऱ्या चतुरांनाही धरून खातो. आमच्यासमोरच त्याने एक टाचणी धरली. भाचीला फरक तिथेच समजला: बसल्यावर पंख पसरून ठेवतो तो चतुर, पाठीवर मिटून धरते ती टाचणी. त्यानंतर ती प्रत्येक काडीकडे बोट दाखवत नाव घेत सुटली.

दुपारी बारा वाजता जाळ्याच्या एका खुंटावर स्कार्लेट स्किमर येऊन बसला. नखशिखांत लाल. पिकलेल्या मिरचीचा लाल. मी गाळात आडवी झाले आणि कोपरं टेकवून मॅक्रोने त्याच्या अगदी जवळ गेले. सुरुवातीला त्याचं अंग जमिनीला समांतर होतं. जसजसा सूर्य डोक्यावर आला तसतशी त्याने शेपटी उचलायला सुरुवात केली, हळूहळू, घड्याळाच्या काट्यासारखी, आणि शेवटी ती थेट सूर्याकडे रोखली. पुढचे पंख खाली झुकवलेले. “मावशी, हा शीर्षासन करतोय!” खुंटाशेजारी त्याची सावली मघाशी बोटभर लांब पडत होती, ती आता एका ठिपक्याएवढी उरली. सूर्यासमोर अंग जितकं कमी येईल तितकं ते कमी तापतं. टिटवी पोट भिजवते, पखुर्डी पाणी वाहते, आणि याच्याजवळ काही नाही तर हा नुसता उभा राहायची तऱ्हा बदलतो. त्याच्या डोळ्यांत मला माझी टोपी दिसत होती, हजारो कप्प्यांत तुटलेली. वीस मिनिटं तो हलला नाही आणि मीही.

जेवायला चिलापीचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. उजनीचा चिलापी मासा काटेरी, पण तिखटात मुरला की दुसरं काही नको वाटतं. भाचीने दोन वाट्या रस्सा प्यायला. रोहितांचं नाव तिने दिवसभरात एकदाही काढलं नाही.

२५ मे, कवडीपाट

परतीच्या वाटेवर लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाटला तासभर थांबलो. मुळा-मुठा पुण्यातून जे काही घेऊन येते ते इथल्या बंधाऱ्यावर अडतं. फेसाचे ढीग, पिशव्यांच्या माळा, आणि वास. त्याच फेसावर एक कवडी खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबला होता, सूर मारून खाली गेला आणि मासा घेऊनच वर आला. कठड्यावर डिच ज्वेल चतुर शेकड्यांनी होते, नारिंगी पंखांचे. त्यांच्या शास्त्रीय नावातच ‘कंटॅमिनाटा’ आहे, म्हणजे मळलेला. घाण पाण्यात जिथे इतर चतुरांच्या अळ्या टिकत नाहीत तिथे यांच्या टिकतात. नदीवर फक्त हाच चतुर दिसायला लागला की समजायचं काय ते. भाचीने नाकाला रुमाल लावून सत्तावीस मोजले आणि मग मोजणं सोडून दिलं.

रोहिणी नक्षत्र याच दिवशी लागलं. संध्याकाळी पश्चिमेला ढग काळे झाले, वारा सुटला आणि घराच्या गच्चीवर वळवाचे टपोरे थेंब पडले. रात्री सामान पुन्हा भरलं.

२६ मे, ताम्हिणी

सुप्याला वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, ताम्हिणीत पाच हजारांच्या पुढे. दोन्हींमधलं अंतर रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तीन दिवसांपूर्वी आम्ही मुरमात बसलो होतो यावर तिथल्या सावलीत विश्वास बसेना. आदल्या रात्री इकडेही शिडकावा झाला होता. जांभळाखाली सडा पडलेला, करवंदं संपत आलेली, मातीला वास. ओढा वाहत नव्हता, पण मोठमोठ्या दगडांमध्ये डोह भरलेले होते.

पावणेसातला डोहाच्या काठी एका ओल्या दगडावर काहीतरी हलताना दिसलं. मातीच्या रंगाची, रुंद, चपटी अळी पाण्यातून बाहेर येऊन दगडाला घट्ट धरून बसली होती. चतुराची अळी. महिनोन्महिने पाण्याच्या तळाशी राहून ही आज बाहेर आली होती. आम्ही दोघी दगडावर पोटावर झोपलो.

आधी पाठीवर एक चीर पडली. चिरेतून फिकट हिरवट फुगवटा वर आला, मग डोकं सुटलं. दोन डोळे एकमेकांपासून अंतरावर होते, म्हणजे क्लबटेल कुळातला. पाय बाहेर आले आणि तो थांबला. इतका वेळ थांबला की भाचीला वाटलं मेला. रिकाम्या कातीच्या आत पांढरे दोरे लोंबत होते. अळीच्या श्वासनळ्यांचं ते अस्तर, कातीबरोबर तेही मागे टाकलं होतं. मग एक झटका देऊन शेपटी ओढून काढली. पंख म्हणजे ओल्या, चुरगळलेल्या कागदाच्या चार गुंडाळ्या होत्या. त्या आपोआप उलगडत गेल्या, मुळापासून टोकाकडे, दुधी, मग काचेसारख्या. शेपटी लांबली, टोकाशी पाण्याचा थेंब आला, गळला. सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे इतका वेळ त्याने पंख टाचणीसारखे पाठीवर मिटून धरले होते. भाची म्हणाली, “पण हा तर चतुर आहे ना?” मी म्हटलं, बघ.

तेवढ्यात वरून पांढरी रिबीन सळसळत गेली. स्वर्गीय नर्तक. पूर्ण वाढलेला नर, पांढराशुभ्र, काळ्या तुऱ्याचा, हातभर शेपटीचा. त्याचं घरटं समोरच्या आंब्याच्या फांदीला होतं, कोनासारखं, कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेलं. तो पुन्हा पुन्हा डोहावर झेपावून किडे नेत होता. ज्याच्या फोटोसाठी मी एरवी दिवस दिवस बसले असते तो सहा फुटांवर येत होता आणि आम्ही दोघी मनात म्हणत होतो, इकडे नको, इकडे नको. त्यालाही पिल्लं होती, त्यालाही काहीतरी न्यायचंच होतं. तरी भाचीने आपली टोपी काढून चतुराच्या वर आडवी धरली. मी तिला थांबवायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आठ वाजून पाच मिनिटांनी ऊन दगडावर आलं. चतुराने थरथर केली आणि फट्‌कन चारही पंख उघडले, चतुर बसतो तसे, आडवे. दोन मिनिटं तसाच बसला. आणि उडाला. सरळ वर, झाडांच्या शेंड्यांकडे. कात दगडावर राहिली. ती आता माझ्या टेबलावर आगपेटीत आहे.

नंतर दिवसभर पुष्कळ काही पाहिलं. डोहातल्या काटक्यांवर स्ट्रीम रुबी टाचण्यांचे नर, काळ्या पंखांत तांब्याची झळाळी, पाठीवर माणकासारखी खूण, एकमेकांसमोर तरंगत भांडणारे. स्ट्रीम ग्लोरी, जिचे पंख उघडले की मोरपंखी हिरवा लखलखाट होतो आणि मिटले की काहीच नाही. तो लखलखाट मला दहा वर्षांत एकदाही नीट टिपता आलेला नाही, यंदाही नाही. संध्याकाळी जंगलातून नवरंगाची दोन सुरांची शीळ आली, एकदा, मग पलीकडून दुसरी. दिसला नाही.

पौडच्या अलीकडे ओल्या खाचरांवर हवा चतुरांनी भरली होती. सुप्याला बॉनेटवर बसलेला तोच ग्लोब स्किमर, पण शेकड्यांनी, पावसाच्या वाऱ्याबरोबर आलेले. ऑक्टोबरपासून हेच मालदीवच्या बेटांवर थव्यांनी उतरतात. भारताच्या बाजूने येऊन समुद्र ओलांडत ते पूर्व आफ्रिकेकडे जातात असं अभ्यासक मानतात. बोटाएवढा किडा! भाचीने गाडी थांबवायला लावली आणि खाचराच्या बांधावर हात पसरून उभी राहिली. तिच्याभोवती ते फिरत होते, एकही आपटला नाही.

६ जून, पुन्हा माळ

भाची सोलापूरला गेली. मी एकटीच सासवडला गेले. माळावर दोन पाऊस झाले होते आणि मुरमातून हिरवी कुसळं वर आली होती. बाभळीच्या टोकावर काळा-पांढरा, तुरेवाला चातक बसला होता, आफ्रिकेकडून आलेला. खाली सातभाईंनी आरडाओरडा करून सगळा माळ डोक्यावर घेतला होता. चातक अंडी त्यांच्याच घरट्यात घालतो, आणि पिल्लू त्यांनाच वाढवावं लागतं.

खळग्यात अंडी नव्हती. मी गाडी बंद करून बसले. पाऊण तासाने टिटवी गवतातून चालत आली आणि मागोमाग कापसाच्या बोंडांना पाय फुटावेत तशी तीन पिल्लं. ऊन चढल्यावर ती उभी राहिली आणि पिल्लं तिच्या पोटाखाली गेली. तेवढा एक फोटो काढून मी तो सोलापूरला पाठवला.

पाच मिनिटांत उत्तर आलं, “चौथं कुठाय?”

मी फोटो मोठा करून बघितला. एक डोकं पंखाबाहेर होतं, दुसऱ्याची नुसती पाठ, तिसरं समोर चोच उघडून. आणि टिटवीच्या पिवळ्या पायांच्या बरोबर मागे, पिसांच्या आड, आणखी दोन बारीक काड्या जमिनीला टेकलेल्या होत्या. त्यांच्याभोवती बोटाने गोल काढला आणि फोटो पुन्हा पाठवला.